नॅनी स्वतःची गाडी वापरणार असतील, तर मायलेज (मैलामागे गाडीखर्चाची भरपाई) कसे द्यावे? (न्यू जर्सी)

ओकट्रीकर (ऑगस्ट २०२५)

सर्वांना नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि आम्ही दोघेही नोकरी करतो. आमच्या दोन मुलांना सांभाळायला गेल्या वर्षापासून एक नॅनी येतात. त्यांचा पगार आम्ही रीतसर, कर कापून आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार व कापलेला कर दाखवणारा फॉर्म) देऊन करतो, त्यामुळे त्या बाबतीत काही विचारायचे नाही. आतापर्यंत त्यांचे काम घर आणि पायी जाण्याच्या अंतरावरची बाग एवढ्यापुरतेच होते. येत्या सप्टेंबरपासून मात्र मोठी मुलगी किंडरगार्टनमध्ये आणि धाकटा अर्ध्या दिवसाच्या प्रीस्कूलमध्ये जाऊ लागेल; शिवाय पोहण्याचा वर्ग, वाचनालय आणि शुक्रवारचा भरतनाट्यमचा वर्ग आहेच. घरातली एक गाडी दिवसभर मेट्रोपार्क स्थानकावर उभी असते आणि दुसरी माझ्याबरोबर ऑफिसला जाते. म्हणून ही सगळी ने-आण नॅनी स्वतःच्या गाडीतून करणार आहेत आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले आहे.

प्रश्न पैशांचा आहे. माझ्या पतींनी दरमहा १०० डॉलर गॅससाठी (पेट्रोलसाठी) द्यावेत असे सुचवले. नॅनींनी अत्यंत संकोचाने सांगितले की, आधीच्या घरी त्यांना आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) दराने मायलेज मिळत असे. तो दर २०२५ साठी मैलामागे ७० सेंट आहे असे दिसते. आमचा अंदाज महिन्याला सुमारे ४०० मैलांचा आहे, म्हणजे रक्कम २८० डॉलर होईल. गॅसचा खर्च तर याच्या पाव भागही होणार नाही, मग हा दर एवढा का, हे आम्हाला नीट समजून घ्यायचे आहे. तो कायद्याने बंधनकारक आहे का? त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंतचे मैल धरायचे का? काही दिवस त्या घरी न येता थेट शाळेतून मुलीला आणतील, त्या दिवशी काय करायचे? ही रक्कम पगारात मिसळायची की वेगळी ठेवायची? शेवटची शंका विम्याची आहे, कारण मुले त्यांच्या गाडीत असताना अपघात झाला तर कोणाची पॉलिसी लागू होते, याचा आम्हाला काहीच अंदाज नाही.

हिशेबनीस

मी न्यू जर्सीतच कर-विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो आणि घरी माणूस कामाला ठेवणारी बरीच कुटुंबे माझ्याकडे येतात. तुमच्या प्रश्नांपैकी कराचा भाग मी घेतो. विम्याबद्दल अधिक जाणकार व्यक्तीने लिहिलेले बरे.

प्रथम दराविषयी. आयआरएस दरवर्षी जो दर जाहीर करते, तो गॅसचा दर नसून गाडी चालवण्याच्या संपूर्ण खर्चाचा दर असतो. गॅस, तेल, टायर, दुरुस्ती, विम्याचा हप्ता, नोंदणी आणि घसारा हे सर्व त्यात आलेले आहे. २०२५ च्या ७० सेंटपैकी ३३ सेंट हा एकट्या घसाऱ्याचा भाग आयआरएसने धरला आहे. तुमच्या ४०० मैलांचा हिशेब मांडून पाहा. गाडी गॅलनला २५ मैल देत असेल, तर १६ गॅलन लागतील आणि गॅलनला ३ डॉलरच्या आसपास भाव धरल्यास गॅसचे जेमतेम ५० डॉलर होतील. घसाऱ्याचे १३२ डॉलर होतात. उरलेल्या शंभराच्या आसपासच्या रकमेत विमा, टायर, ब्रेक आणि दुरुस्ती येते. तुमच्या पतींनी सुचवलेल्या १०० डॉलरमध्ये गॅस निघतो आणि थोडे वर उरते. बाकीचा खर्च नॅनींच्या खिशातून, आज न दिसता, पुढे गाडी विकताना किंवा गॅरेजच्या बिलातून जातो. पुण्यात रिक्षाचे भाडे देताना आपण केवळ सीएनजीचे पैसे देत नाही, तसेच हे आहे.

आता कायदा. केंद्रीय कायद्याने खाजगी मालकावर मायलेज देण्याचे सरसकट बंधन नाही आणि न्यू जर्सीतही तसा सर्वसाधारण कायदा नाही. मात्र एक मर्यादा आहे. मालकाच्या कामासाठी नोकराने केलेला खर्च वजा करता त्याचे वेतन किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. न्यू जर्सीत बहुसंख्य मालकांसाठी २०२५ मध्ये ते तासाला १५.४९ डॉलर आहे. तुमच्या नॅनींचा पगार बहुधा याहून बराच वर असेल, त्यामुळे ही अडचण यायची नाही. याखेरीज १ जुलै २०२४ पासून राज्यात घरकामगारांच्या हक्कांचा कायदा लागू झाला आहे आणि त्यानुसार कामाच्या अटींचा लेखी करार असावा लागतो. तुमचा करार गेल्या वर्षीचा असेल, तर त्यात गाडीविषयी काहीच नसणार. सप्टेंबरपूर्वी त्याला पुरवणी जोडा.

कायद्याचे बंधन नसताना पूर्ण दर का द्यावा, असा प्रश्न पडेल. त्याचे एक उत्तर असे, की नॅनींना हा खर्च स्वतःच्या विवरणपत्रात दाखवून वजावट घेता येत नाही. २०१७ च्या करकायद्याने नोकरदारांची ही वजावट २०१८ पासून स्थगित केली होती आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती कायमची बंद केली. त्यामुळे तुम्ही जे देणार नाही, ते त्यांना दुसरीकडून कोठूनही मिळणार नाही.

कराच्या दृष्टीने ही रक्कम पगारापासून वेगळी ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे. तीन गोष्टी पाळल्या तर ती करमुक्त राहते. प्रवास तुमच्या कामासाठी झालेला असला पाहिजे, त्याची तारीख, ठिकाण, कारण आणि मैल यांची नोंद वाजवी मुदतीत तुमच्याकडे आली पाहिजे, आणि हिशेबापेक्षा अधिक रक्कम दिली गेली असेल तर ती परत झाली पाहिजे. आयआरएस नोंदीसाठी ६० दिवस आणि जास्तीची रक्कम परत करण्यासाठी १२० दिवस ही मुदत वाजवी मानते. एवढे झाले, की जाहीर दरापर्यंतची रक्कम वेतनात मोजली जात नाही, तिच्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या दोन्ही करांचे मिळून प्रत्येकी ७.६५ टक्के दोघांनाही भरावे लागत नाहीत, आणि तुमच्या शेड्यूल एच या घरकामगारांच्या कराच्या फॉर्ममध्येही ती येत नाही. उलट नोंद न ठेवता दरमहा ठरावीक १०० डॉलर दिले, तर ते संपूर्ण वेतन ठरते. त्यावर दोघांनाही कर लागेल, म्हणजे त्या शंभरातलेही शंभर त्यांच्या हाती पडणार नाहीत.

टोल आणि पार्किंग या दरात धरलेले नाहीत. ते खर्च वेगळे, प्रत्यक्षात झाले तेवढे द्यायचे. गार्डन स्टेट पार्कवेवरून जावे लागत असेल, तर ई-झेडपासच्या (टोल आपोआप भरणाऱ्या यंत्रणेच्या) मासिक उताऱ्यावर तुमच्या कामाच्या फेऱ्यांवर खूण करून घेणे पुरेसे आहे.

घर ते घर हे अंतर धरू नये. ते त्यांचे कामावर येणे-जाणे आहे आणि त्यासाठी तुम्ही काही दिलेत, तर ते वेतन ठरेल. थेट शाळेत जाण्याचा मुद्दा थोडा किचकट आहे, त्याच्याविषयी सवडीने लिहितो.

चारचाकी

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर असली, तरी मला निष्कर्ष पटत नाही. आयआरएसचा दर हा देशभरातील सर्व प्रकारच्या गाड्यांच्या खर्चावरून काढलेला सरासरी दर आहे. एखाद्या नॅनीकडे दहा-बारा वर्षे जुनी, कर्ज फिटलेली टोयोटा कोरोला असेल, तर तिचा घसारा जवळजवळ होऊन गेलेला असतो. अशा गाडीचा प्रत्यक्ष खर्च ७० सेंटच्या निम्माही नसेल. मग करमुक्त मायलेजच्या नावाखाली आपण तिला पगारवाढच देत नाही का? तसे द्यायचे असेल तर अवश्य द्यावे, परंतु तो न्यायाचा प्रश्न म्हणून मांडू नये. न्यू जर्सीत दर परस्परसंमतीने ठरवता येतो, हे तर वरच मान्य केलेले आहे. माझ्या मते ४५ किंवा ५० सेंट ठरवून त्याची व्यवस्थित नोंद ठेवणे हा मधला मार्ग आहे. मुलांची ने-आण हा कामाचाच भाग असेल, तर त्याचा काही अंश तासाच्या दरात आधीच धरलेला असतो, हेही लक्षात घ्यावे.

सांभाळणारी_मावशी

मी गेली अनेक वर्षे मध्य न्यू जर्सीत मुले सांभाळण्याचे काम करते. आधी मराठी आणि गुजराती घरांत केले, आता एका अमेरिकन घरी करते. दुसऱ्या बाजूने काय दिसते, ते सांगावेसे वाटले.

चारचाकी यांचा जुन्या गाडीचा मुद्दा कागदावर ठीक आहे. पण जुन्या गाडीचा घसारा कमी झाला, की दुरुस्ती वाढते. ब्रेक, बॅटरी, एक्झॉस्ट आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खालून धरणारा गंज यांचा खर्च नव्या गाडीला नसतो. ज्यांची गाडी लीजवर (दीर्घ मुदतीच्या भाड्यावर) आहे त्यांची गोष्ट तर आणखी वेगळी असते, कारण लीजमध्ये वर्षाला १०,००० किंवा १२,००० मैलांची मर्यादा घातलेली असते आणि तिच्यापुढच्या प्रत्येक मैलाला दंड द्यावा लागतो. महिन्याला ४०० मैल म्हणजे वर्षाला ४,८०० मैल झाले. ज्या बाईंची गाडी लीजवर असेल, त्यांची जवळजवळ निम्मी मर्यादा दुसऱ्याच्या मुलांसाठी संपते. तेव्हा दर ठरवण्याआधी, गाडी कोणती आहे आणि लीजवर आहे का, एवढे तरी त्यांना विचारावे.

रकमेपेक्षाही मला जे महत्त्वाचे वाटते, ते पैसे देण्याच्या पद्धतीविषयी आहे. एका घरी मला मायलेज मिळायचे, पण मागितल्यावर मिळायचे. दर महिन्याला स्वयंपाकघरात उभे राहून 'ताई, तो गाडीचा हिशेब' असे म्हणणे फार जड जाते. आम्हा बायकांना पगार मागायचाच संकोच असतो, त्यात हे आणखी. त्याउलट आता जेथे आहे, तेथे शुक्रवारी मी मैलांची नोंद पाठवते आणि पगारासोबत ती रक्कम वेगळ्या ओळीत जमा होते. कोणाला काही बोलावे लागत नाही. ओकट्रीकर यांच्या नॅनींनी संकोचाने का होईना, पण स्वतःहून सांगितले. बहुतेक जणी सांगत नाहीत, काही महिने रेटतात आणि मग दुसरे काम शोधतात.

नोंद ठेवणे अवघड नाही. मी गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. मुलांना घेऊन निघताना आणि काम संपल्यावर मीटरचा आकडा लिहिते, पुढे 'शाळा', 'दंतवैद्य', 'पोहणे' एवढेच. मध्ये स्वतःच्या कामासाठी वळले असेन, तर तेवढे मैल वजा करते. फोनवर आपोआप मैल मोजणारी ॲपे आहेत, पण ती माझे रविवारचे देवळात जाणेही मोजतात आणि मग ते काढत बसावे लागते.

आणखी दोन गोष्टी. कार सीट आई-वडिलांनी घ्यावी, नवी घ्यावी आणि ती माझ्या गाडीत त्यांनी माझ्यासोबत उभे राहून बसवावी. आणि वर्षातून दोन-तीनदा गाडी आतून धुऊन घेण्याचे पैसे द्यावेत. मागच्या सीटच्या फटीत साचलेला खाऊ, दूध आणि पोहण्याच्या टॉवेलचा वास कोणत्याही दरात बसत नाही.

छत्रीधारक

मायलेजवर एवढी चर्चा झाली, परंतु ७० सेंट की ५० सेंट हा वाद वर्षाला फार तर हजार डॉलरचा आहे. एका गंभीर अपघाताचा दावा काही लाखांचा असू शकतो. मी विमा क्षेत्रात काम करतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक पॉलिसीची भाषा वेगळी असते, तेव्हा शेवटी आपापल्या एजंटला विचारून उत्तर लेखी घ्यावे.

सामान्य नियम असा, की विमा गाडीबरोबर जातो. नॅनींच्या गाडीने अपघात झाला, तर प्रथम त्यांच्याच पॉलिसीकडे दावा जाईल. म्हणून त्यांच्या पॉलिसीचे डिक्लरेशन पेज (संरक्षणाच्या मर्यादा दिलेले पान) पाहणे ही पहिली पायरी आहे. न्यू जर्सीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण येथे स्टँडर्ड पॉलिसीखेरीज बेसिक नावाची एक स्वस्त पॉलिसीही विकली जाते. तिच्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी केवळ ५,००० डॉलर असतात आणि दुसऱ्याला झालेल्या शारीरिक इजेच्या दायित्वाचे संरक्षण मुळात नसतेच. हवे असल्यास सर्व मिळून १०,००० डॉलरचे घेता येते. हप्ता कमी असल्यामुळे मर्यादित उत्पन्नाची माणसे ती घेतात आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. पण जिच्या गाडीत तुमची मुले रोज बसणार आहेत, तिच्याकडे एवढ्यानेच भागवणे धोक्याचे आहे. स्टँडर्ड पॉलिसीचीही किमान मर्यादा २०२५ च्या अखेरपर्यंत एका व्यक्तीच्या इजेसाठी २५,००० आणि एका अपघातासाठी ५०,००० डॉलर एवढीच आहे. १ जानेवारी २०२६ पासून ती अनुक्रमे ३५,००० आणि ७०,००० डॉलर आहे. रुग्णालयाचा खर्च पाहता या रकमा फार लवकर संपतात.

त्या संपल्या, की पुढचा दावा कोणावर होतो? नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी मालकावरही येते, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे आणि येथे मालक तुम्ही आहात. समोरच्या गाडीतील व्यक्ती जखमी झाली, तर तिचा वकील नॅनींच्या पॉलिसीवर थांबणार नाही. त्या वेळी त्या कोणाच्या कामावर होत्या, हे तो सर्वांत आधी विचारेल. तुमची अम्ब्रेला पॉलिसी (इतर पॉलिसींची मर्यादा संपल्यावर लागू होणारी जादा पॉलिसी) असल्यास अशा दाव्यात ती उपयोगी पडते का, म्हणजे घरच्या नोकराने स्वतःच्या गाडीने केलेला प्रवास तिच्यात येतो का, हे एजंटला ईमेलने विचारा. अम्ब्रेला नसेल, तर ती घेण्याचा विचार करण्याची हीच वेळ आहे.

दुसरीकडे नॅनींनीही आपल्या विमा कंपनीला सांगितले पाहिजे, की त्या कामाचा भाग म्हणून मुलांची ने-आण करणार आहेत. काही कंपन्या काहीच फरक करत नाहीत, काही वापराचा प्रकार बदलून हप्ता थोडा वाढवतात. हे लपवले आणि पुढे दावा करताना उघड झाले, तर कंपनीला हात झटकण्याची संधी मिळते. हप्ता वाढल्यास वाढलेली रक्कम किंवा अधिक मर्यादेच्या पॉलिसीचा फरक तुम्ही द्यावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. ती रक्कम पगारातून करपात्र म्हणून द्यायची की अन्य प्रकारे, हे हिशेबनीस सांगतील.

गाडीतील मुलांच्या उपचारांविषयी मात्र थोडा दिलासा आहे. न्यू जर्सीत नो-फॉल्ट (चूक कोणाची हे न पाहता उपचारांचा खर्च देणारी) पद्धत असल्यामुळे तुमच्या मुलांचा वैद्यकीय खर्च, गाडी कोणाचीही असली, तरी सामान्यतः तुमच्याच वाहन पॉलिसीतील पीआयपीमधून (वैयक्तिक इजा संरक्षणातून) होतो. त्या भागाची मर्यादा तुम्ही हप्ता वाचवण्यासाठी कमी करून ठेवली असेल, तर ती वाढवून घ्या. नॅनींना स्वतःला इजा झाली, तर तो कामावर झालेला अपघात ठरतो आणि कामगार-भरपाईचा प्रश्न येतो. तुमच्या घराच्या पॉलिसीत पूर्णवेळ नॅनीसाठी हे संरक्षण आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

अपघातानंतर डिडक्टिबल (दाव्यातील स्वतःच्या खिशातून भरायचा भाग) कोणी भरायचा, यावरून चांगले संबंध बिघडलेले मी पाहिले आहेत. कामाच्या वेळेत अपघात झाला आणि त्यात नॅनींचा गंभीर निष्काळजीपणा नसेल, तर डिडक्टिबल कुटुंब भरेल, वाहतुकीचे दंड मात्र त्यांचे त्या भरतील, असे वाक्य करारात आजच लिहून ठेवावे.

सांताक्लारावासी

कॅलिफोर्नियातील वाचकांसाठी एक पुस्ती. आमच्याकडे हा स्वेच्छेचा विषय नाही. कामगार संहितेच्या कलम २८०२ नुसार कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून देणे बंधनकारक आहे आणि तो हक्क नोकराला करार करूनही सोडता येत नाही. चारचाकी यांनी मांडलेल्या मुद्द्याचा विचार येथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गॅटुसो विरुद्ध हार्ट-हँक्स या खटल्यात केला होता. मालक मैलाच्या दराने, प्रत्यक्ष खर्चाने किंवा एकरकमी भत्त्यानेही भरपाई देऊ शकतो. मात्र ती रक्कम प्रत्यक्ष खर्चाला पुरली पाहिजे, आणि पगारातच मिसळून देत असाल तर त्यातली भरपाई किती आणि वेतन किती हे वेगळे दाखवता आले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा 'तासाच्या दरात धरलेले आहे' असे नुसते म्हणून चालत नाही. बे एरियातील आमच्या ओळखीच्या घरांत सर्वजण आयआरएसचाच दर देतात, कारण प्रत्यक्ष खर्च मोजत बसण्यापेक्षा ते सोपे आहे आणि त्यावर सहसा वाद होत नाही.

नेपरव्हिलकर

इलिनॉयमध्येही १ जानेवारी २०१९ पासून मालकाने कामाचा खर्च भरून देण्याचा नियम आहे. नोकराने खर्चाचा तपशील साधारणपणे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आम्ही मात्र या सगळ्यातून वेगळी वाट काढली. एक जुनी गाडी घरीच ठेवली आणि नॅनींचे नाव आमच्या पॉलिसीवर चालक म्हणून घातले. हप्ता वाढला, पण मैल मोजावे लागत नाहीत आणि कार सीट कायम एकाच जागी राहतात. ज्यांच्याकडे तिसरी गाडी उभी करायला जागा आहे, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

चारचाकी

लीजचा आणि दुरुस्तीचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता, तो मान्य. तरीही ७० सेंट हा दर कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे, या मतावर मी कायम आहे. ज्या राज्यांत कायद्याचे बंधन नाही, तेथे कुटुंबाच्या ऐपतीचाही विचार व्हावा. डेकेअरचा खर्च परवडत नाही म्हणून दोन घरे मिळून एक नॅनी ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी महिन्याचे २८० डॉलर ही किरकोळ रक्कम नाही.

ओकट्रीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघांनी काल सर्व प्रतिसाद एकत्र वाचले आणि पूर्ण दराने मायलेज देण्याचे ठरवले. ऐपतीविषयीचा मुद्दा योग्य आहे. पण आम्हाला ज्या दिवशी हे परवडणार नाही, त्या दिवशी पोहण्याचा वर्ग कमी करणे आम्हाला अधिक रास्त वाटते. नॅनींना विचारले असता त्यांची गाडी लीजवर नाही, स्वतःची आहे आणि पॉलिसी स्टँडर्ड आहे, पण मर्यादा किमानच आहेत असे कळले. मर्यादा वाढवल्यास हप्त्यात किती फरक पडतो, ते त्या विचारणार आहेत. आमच्या एजंटला मी वर सुचवलेले तिन्ही प्रश्न ईमेलने पाठवले आहेत.

कराराच्या पुरवणीत आम्ही असे लिहायचे म्हणतो, की मुलांसाठी केलेल्या प्रवासाला मैलामागे ७० सेंट मिळतील, नोंद दर शुक्रवारी दिली जाईल आणि रक्कम त्याच पगारासोबत वेगळ्या ओळीत जमा होईल. टोल व पार्किंग वेगळे. डिडक्टिबल आणि दंडाविषयी छत्रीधारक यांनी सुचवल्याप्रमाणे. यात काही राहिले आहे का? थेट शाळेत जाण्याच्या दिवसांचे काय करायचे, आणि त्यांच्या हप्त्यातला फरक आम्ही दिला तर तो कसा दाखवायचा, एवढे दोन प्रश्न उरले आहेत.

हिशेबनीस

मसुदा चांगला आहे. एक बदल करा. ७० हा आकडा करारात लिहू नका. त्याऐवजी 'प्रवासाच्या तारखेला लागू असलेला आयआरएसचा व्यावसायिक मायलेज दर' असे लिहा. हा दर दर जानेवारीला बदलतो. २०२३ मध्ये तो ६५.५ सेंट होता, २०२४ मध्ये ६७ झाला. गॅस अचानक महागला, तर आयआरएस वर्षाच्या मध्येही तो बदलते. २०२२ मध्ये पहिल्या सहा महिन्यांसाठी ५८.५ आणि १ जुलैपासून ६२.५ सेंट असा दर होता. आकडा लिहिला, तर दरवेळी कराराला नवी पुरवणी जोडावी लागेल, आणि मावशींनी म्हटले आहे तो 'ताई, तो गाडीचा हिशेब' हा प्रसंग वर्षातून एकदा तरी येईल.

दुसरी भर अशी, की गाडी चालवण्याचा आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर थांबण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे आणि त्याचा तासाचा पगार मिळेल, असे स्पष्ट लिहा. मायलेज गाडीचे असते, वेळेचा मोबदला त्याच्यात नसतो. नव्या वेळापत्रकामुळे आठवड्याचे तास ४० च्या वर जात असतील, तर वरच्या तासांना दीडपट दर लागेल, तेही आधी मोजून पाहा.

थेट शाळेत जाण्याविषयी: त्या दिवशी शाळा हे त्यांचे कामाचे पहिले ठिकाण ठरते, म्हणून त्यांच्या घरापासून शाळेपर्यंतचा प्रवास सामान्यतः कामावर येण्यातच मोडतो आणि मायलेज शाळेपासून पुढे सुरू होते. दिवसाच्या शेवटी मुलांना वर्गावर सोडून, किंवा तुमच्या स्वाधीन करून, त्या तेथूनच घरी गेल्या तर तोच नियम उलट दिशेने लावा. शाळा त्यांच्या घरापासून तुमच्या घरापेक्षा बरीच लांब असेल आणि तुम्हाला त्या जास्तीच्या अंतराचे काही द्यावेसे वाटत असेल, तर अवश्य द्या, पण ते मायलेजच्या ओळीत न घालता वेतनात घाला. मात्र आधी तुमच्या घरी येऊन, कार सीट किंवा धाकट्याला घेऊन त्या शाळेत गेल्या, तर तुमच्या घरापासूनचे सर्व मैल धरायचे.

विम्याच्या हप्त्यातला फरकही वेतनातच घाला. विमा मायलेजच्या दरात आधीच धरलेला असल्यामुळे, पूर्ण दर देऊन वर हप्त्याचे पैसे करमुक्त देता येत नाहीत. कर कापून त्यांच्या हाती नेमका तो फरक पडावा असे वाटत असेल, तर रक्कम थोडी वाढवून द्यावी लागेल. तुमची पगार करून देणारी सेवा तो आकडा लगेच काढून देईल. मैलांच्या नोंदी आणि ई-झेडपासचे उतारे रोजगारकराच्या इतर कागदांसोबत किमान चार वर्षे जपून ठेवा.